बसवरचा व्हिनाइल रॅप दर वेळी त्याच जागी सुटतो: कारण कसं ओळखायचं आणि दुरुस्ती कशी करायची

बसला जाहिरातीचा पूर्ण रॅप, म्हणजे छापलेली, मागून गोंद असलेली व्हिनाइलची (प्लॅस्टिकची) फिल्म चढते, गाडी रस्त्यावर जाते आणि काही आठवड्यांतच मागच्या चाकाच्या वर, खिडकीच्या बीडिंगखाली (काचेभोवतीच्या रबरी पट्टीखाली) किंवा पत्र्याच्या खाचेत कड उचलते. हीट गन मारून दाबली की दोन दिवस बसते, पुन्हा उचलते. पुढच्या जाहिरातीला महागडा रोल आणला तरी सुटायची जागा तीच.

जागा तीच राहत असेल तर दोष बहुतेक वेळा रोलचा नसतो. तिथला पत्रा, तिथली सफाई किंवा तिथे फिल्म ओढून बसवण्याची पद्धत, या तिघांपैकी काहीतरी चुकतंय. म्हणून हीट गन हातात घेण्याआधी सुटलेला तुकडा उलटा करून बघा.

सुटलेल्या तुकड्याची मागची बाजू

उचललेल्या कडेचा साधारण ५ सेंमीचा तुकडा कात्रीने कापून घ्या. पत्र्यावर ठेवून कटर चालवू नका. आता तुकड्याची मागची बाजू आणि त्याखालचा पत्रा, दोन्ही उजेडात तिरके धरून पाहा.

गोंद सगळा फिल्मवर आहे, चमकतोय, आणि पत्रा कोरा आहे, तर तो तुकडा अल्कोहोलने पुसलेल्या काचेवर दाबून लावा आणि अर्ध्या तासाने ओढा. काचेवर घट्ट बसला तर गोंद ठीक आहे. मग खाली पत्र्यावर मेण, पॉलिश, सिलिकॉन किंवा तेलाचा न दिसणारा थर होता, किंवा फिल्म ताणलेली असल्यामुळे मागे खेचली गेली. काचेवरही सहज निघाला तर माल जुना किंवा चुकीच्या प्रकारचा आहे, किंवा छपाईतलं सॉल्व्हंट गोंदात उतरलंय.

गोंद राखाडी आणि धुळीने माखलेला असेल, तर कड आधी उचलली आणि धूळ नंतर शिरली. धूळ हा परिणाम आहे, कारण नव्हे. कड का उचलली ते वेगळं शोधावं लागेल. मात्र असा तुकडा कितीही गरम केला तरी पुन्हा बसणार नाही.

गोंद पत्र्यावर राहिलाय आणि फिल्मची पाठ कोरडी, तर छपाई न सुकवता लॅमिनेट केलंय, म्हणजे वर संरक्षणाचा पारदर्शक थर चढवलाय, तिथे डिझेल लागलंय किंवा फिल्मचं आयुष्य संपलंय.

फिल्मच्या पाठीला गाडीचा रंग चिकटून आला असेल, तर व्हिनाइलने त्याचं काम चोख केलंय. रंग पत्र्यावरून सुटलाय. आधी रंगकाम, मग रॅप.

शेवटचा प्रकार: कड उचललेली नाही, पण फिल्मच्या चहूबाजूंनी एक-दोन मिलिमीटरची काळी रेघ दिसते. फिल्म आकसली आणि उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ बसली. ही कॅलेंडर्ड व्हिनाइलची सवय आहे. ते गरम रोलरांमधून लाटून बनवतात, त्यामुळे ओढ आत राहते आणि उन्हात ती फिल्मला मागे खेचते. कास्ट व्हिनाइल पातळ द्रव ओतून आणि भाजून बनवतात, त्यात ही ओढ जवळजवळ नसते. कास्ट साधारण ५० मायक्रॉन जाडीचं असतं, कॅलेंडर्ड ७० ते १०० मायक्रॉनचं. सपाट बाजू आणि थोड्या दिवसांची जाहिरात असेल तर पॉलिमेरिक कॅलेंडर्ड (कमी आकसणारा कॅलेंडर्डचा प्रकार) चालतं. खाचा, रिव्हेट आणि गोलाई असलेल्या बॉडीवर ते लावणं म्हणजे तक्रार आधीच लिहून ठेवणं. आणि कास्ट फिल्मवर कॅलेंडर्ड लॅमिनेट चढवलं तर वरचा थर आकसतो, खालचा नाही. कडा वर वळतात. लॅमिनेटही कास्टच हवं, शक्यतो त्याच कंपनीने त्या फिल्मसाठी सांगितलेलं.

खाचा आणि नाळ्या: सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या

बसच्या बाजूला आडव्या नाळ्यांचा पत्रा असेल तर फिल्म नाळीच्या तळातून उठून ताणलेल्या पडद्यासारखी उभी राहते. याचं गणित साधं आहे. समजा, नाळी २० मिमी रुंद, १० मिमी खोल आणि सरळ भिंतींची आहे. फिल्म दोन्ही काठांना आधी चिकटवली आणि मग मधली आत दाबली, तर २० मिमी फिल्मला १० + २० + १० म्हणजे ४० मिमी अंतर झाकावं लागतं. म्हणजे दुप्पट ताण. नाळी अर्धगोल असली तरी फिल्म साधारण ५७ टक्के ताणली जाते. छापलेली, लॅमिनेट केलेली फिल्म इतका ताण घेऊन गप्प बसत नाही. गरम असताना बसते, ऊन लागलं की परत येते.

म्हणून काठ आधी चिकटवायचे नाहीत. वरून खाली या. पहिल्या नाळीच्या वरच्या काठापर्यंत स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायची पट्टी) मारा, तिथे थांबा, खालची फिल्म सैल सोडा, ती हाताने नाळीत ढकला, तळ दाबा, मग खालचा काठ, आणि मगच पुढची नाळी. फिल्म ताणून नव्हे, भरून आत गेली पाहिजे. यात उंचीला जास्त फिल्म लागते आणि ती आधीच छापलेली हवी. दर नाळीला ८ मिमी जादा जात असेल आणि नाळ्या १२ असतील तर ९६ मिमी, म्हणजे जवळपास १० सेंमी चित्र नाळ्यांत जातं. डिझाइन करणाऱ्याला हे सांगितलं नाही तर फोन नंबर चाकाच्या कमानीत जाऊन बसतो. नाळी मोजायची असेल तर टेप नको. एक दोरा आत-बाहेर दाबत न्या आणि मग सरळ करून मोजा.

खूप खोल, चौकोनी नाळीत हेही जमत नाही. तिथे हट्ट सोडून तळाशी फिल्म कापा आणि तळासाठी वेगळी पट्टी आधी लावून घ्या. जवळून जोड दिसतो. बस रस्त्याच्या पलीकडून पाहायची गोष्ट आहे, कुणाला दिसणार नाही.

ताण किती पडलाय हे डोळ्याने कळत नाही. फिल्मच्या सुट्या तुकड्यावर पेनाने १० सेंमी अंतरावर दोन रेघा मारा, तो तुकडा त्या खाचेत बसवा आणि रेघांमधलं अंतर पुन्हा मोजा. ११.५ सेंमी झालं तर १५ टक्के ताण आहे. फिल्मच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेशी हा आकडा ताडून पाहा. मर्यादेच्या वर गेला तर तिथे कापच द्यायचा.

आता शेवटची उष्णता, जी निम्म्या ठिकाणी वगळली जाते. फिल्म बसवताना ती मऊ व्हावी म्हणून देतो ती उष्णता वेगळी आणि बसवून झाल्यावर देतो ती वेगळी. दुसरीचं काम फिल्मची मागे जाण्याची ओढ मोडणं. त्यासाठी कास्ट फिल्मचा पृष्ठभाग ९५ ते ११० अंश सेल्सिअसपर्यंत जावा लागतो. नेमका आकडा त्या फिल्मच्या माहितीपत्रकात असतो. हाताला चटका बसला म्हणजे झालं, असं नाही. ६० अंशालाही चटका बसतो. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि तो फिल्मच्या जवळ धरा. लेझरचा ठिपका बारीक दिसला तरी उपकरण मोजतं ते त्याहून मोठं वर्तुळ. लांबून धरलं तर शेजारचा थंड पत्राही हिशोबात येतो. ॲल्युमिनियमचा पत्रा उष्णता ओढून घेतो, तिथे गन सावकाश फिरवावी लागते. फायबरचे भाग पटकन तापतात, तिथे तीच गती ठेवली तर फिल्म चमक सोडते किंवा जळते.

काम झाल्यावर फिल्म पूर्ण थंड होऊ द्या आणि त्याच खाचेवर पुन्हा हलकी, साधारण ६० अंशांची उष्णता द्या. फिल्म उठली तर ती रस्त्यावरही उठणारच होती. आत्ताच पुन्हा बसवा आणि पुन्हा तापवा.

रिव्हेटचंही हेच तत्त्व. आधी रिव्हेटभोवती फिल्म तंबूसारखी राहू द्या, सुईने दोन-तीन ठिकाणी टोचा, मग गरम करून रिव्हेट ब्रशने गोल गोल दाबत बाहेरून आत या. कटरच्या टोकाने चीर पाडू नका, ताणात ती फाटत जाते. सैल झालेला, हलणारा रिव्हेट असेल तर फिल्म तिथे टिकणार नाही. तो आधी बदलून घ्या.

सफाई, आणि मागच्या जाहिरातीचा गोंद

बसवर जाहिराती बदलत राहतात, म्हणून इथे एक दुष्टचक्र असतं. जुनी फिल्म ओढून काढताना थोडा गोंद पत्र्यावर राहतो. तो संत्र्याच्या तेलाच्या किंवा तशाच रिमूव्हरने काढतात. गोंद जातो, पण रिमूव्हर स्वतः तेलकट थर सोडतो. पत्रा चकचकीत दिसतो आणि नवी फिल्म त्या थरावर चढते. सुटायला लागते ती नेमकी जुन्या गोंदाच्या जागी, म्हणजे कडांवर आणि खाचांत.

क्रम असा ठेवा. साबणाच्या पाण्याने पूर्ण धुणं, स्वच्छ पाण्याने खंगाळणं आणि पूर्ण वाळवणं. बीडिंगच्या आत आणि पत्र्याच्या जोडात पाणी तासन्‌तास साठून राहतं. गाडी आदल्या दिवशी धुतलेली बरी. मग डांबर, ग्रीस आणि जुना गोंद यांवर रिमूव्हर. त्यानंतर रिमूव्हरचा थर काढण्यासाठी पुन्हा साबणाचं पाणी. शेवटी ७० भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ३० भाग पाणी, दोन फडक्यांनी: एका ओल्या फडक्याने पुसा आणि अल्कोहोल उडून जाण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. एकाच फडक्याने पुसून वाळू दिलं तर मळ विरघळतो आणि त्याच जागी परत बसतो. फडकं धागे न सोडणारं हवं, आणि कपड्यांचं सॉफ्टनर टाकून धुतलेलं मुळीच नको.

झालं की नाही हे पाहायला पाण्याचा बारीक फवारा मारा. पाणी एकसंध पसरलं तर ठीक. शेजारी पसरलं आणि एखाद्या पट्ट्यात थेंब थेंब झालं, तर त्या पट्ट्यात अजून मेण किंवा सिलिकॉन आहे. तपासून झालं की पुन्हा वाळवून अल्कोहोल.

सिलिकॉन सीलंट हा वेगळा त्रास. काचेभोवती किंवा छताच्या जोडात सिलिकॉन भरलं असेल तर व्हिनाइल त्यावर चिकटत नाही, प्रायमर (पकड वाढवणारं द्रव) लावूनही नाही. फिल्म सिलिकॉनच्या अलीकडे ५ मिमी थांबवा. त्याला लागलेलं फडकं बाजूला टाका, नाहीतर तेच सिलिकॉन सगळ्या बाजूभर पसरतं.

प्रायमरबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. तो कडेला, खाचेच्या तळाला, अरुंद पट्टीत आणि पातळ लावायची वस्तू आहे. न धुतलेल्या पत्र्यावर उपाय म्हणून पूर्ण बाजूला प्रायमर फासला तर फिल्म काढताना गोंद पत्र्यावरच राहतो, कधी रंगही निघतो. पुढच्या जाहिरातीची कड तिथेच सुटते आणि मग आणखी प्रायमर लागतो.

रंग नवा असेल तर त्यातून वायू निघत राहतो आणि फिल्मखाली फुगे येतात, तेही चार-आठ दिवसांनी, सगळीकडे सारखे पसरलेले. स्क्वीजी नीट न मारल्याने राहिलेले फुगे पहिल्याच दिवशी दिसतात आणि रांगेत असतात. दोन्हींत गल्लत करू नका. रंग किती दिवसांनी पूर्ण वाळतो ते रंगाच्या कंपनीने सांगितलेलं असतं. खात्रीसाठी हवा न जाऊ देणाऱ्या पॉलिएस्टर फिल्मचा हातभर चौकोनी तुकडा लावून २४ तास ठेवा. फुगे आले तर थांबा. पुट्टी भरलेल्या जागा याला जास्त बळी पडतात.

कडा, जोड आणि कोपरे

दोन पट्टे एकमेकांवर येतात तिथे पुढचा पट्टा मागच्यावर हवा आणि वरचा खालच्यावर. म्हणजे काम गाडीच्या मागून पुढे आणि खालून वर करत जायचं. उलटं केलं तर पुढून येणारा वारा आणि वरून येणारं पाणी थेट जोडात शिरतं. जोड १२ ते २५ मिमीचा पुरतो. तो रिव्हेटच्या रांगेवर किंवा नाळीच्या तळात पाडू नका.

दार, डिकी, तपासणीची झाकणं यांवरून फिल्म सलग नेऊन मग फटीत कापली तर कड नेमकी धारेवर येते आणि हात, झाडू, प्रवाशांच्या पिशव्या तिला उचलतात. फिल्म आत वळवायची असेल तर किमान १० मिमी वळवा आणि ती आतली बाजूही तितकीच स्वच्छ करा, कारण धूळ आणि ग्रीस तिथेच साचतं. तेवढी जागा नसेल तर धारेच्या २-३ मिमी अलीकडे थांबा. कोपरे कधीही टोकदार ठेवू नका, १० मिमी त्रिज्येने गोल करा.

चाकाची कमान, पुढचा बंपर आणि पायरीखालची पट्टी इथे चिखल आणि खडी आदळते. तिथे एज सीलर (कड बंद करणारं द्रव) लावा: ब्रशने ६ मिमीची रेघ, अर्धी फिल्मवर, अर्धी रंगावर. खरबरीत काळ्या प्लॅस्टिकचे भाग मात्र सोडूनच द्या. फिल्म उंचवट्यांनाच टेकते, खोलगट भाग मोकळे राहतात.

डिझेलच्या झाकणाभोवती किमान हातभर खाली ओघळ येतो. डिझेल फिल्म फुगवतं आणि गोंद मऊ करतं. त्या पट्ट्यात वेगळा तुकडा लावा, म्हणजे तेवढाच बदलता येईल. मागे इंजिन असलेल्या बसमध्ये जाळीच्या फटी झाकू नका. तिथे फिल्म सुटणं दुय्यम, इंजिन तापणं मुख्य.

खिडक्यांवरची छिद्रांची फिल्म

वन वे व्हिजनला, म्हणजे बाहेरून चित्र आणि आतून बाहेरचं दिसणाऱ्या या छिद्रांच्या फिल्मला, बॉडीच्या व्हिनाइलचे नियम लावले की ती सुटते. ६०/४० प्रकारात ४० टक्के जागा छिद्रांची, म्हणजे गोंद फक्त ६० टक्के जागेवर. कड त्यामुळे मुळातच कमजोर. म्हणून ती बीडिंगखाली खुपसू नका, बीडिंगपासून साधारण १० मिमी आत काचेवरच संपवा. पाणी मारून लावू नका. ताणू नका, ताणलं की गोल छिद्रं लंबगोल होतात आणि फिल्म परत जायला बघते. वर पारदर्शक कास्ट लॅमिनेट हवंच, नाहीतर पावसात छिद्रांत पाणी भरतं आणि आतून बाहेरचं काही दिसत नाही. सरकत्या काचांवर रुळात जाणारा भाग मोकळा ठेवा.

समोरची काच, चालकाच्या बाजूच्या खिडक्या, आरसे, दिवे, परावर्तक पट्ट्या, नंबर प्लेट आणि संकटकालीन दाराच्या सूचना यांवर काहीही येता कामा नये. संकटकालीन खिडकीवर सलग पट्टा गेला असेल तर तिच्या चौकटीभोवती पूर्ण काप द्या, खिडकी उघडून तपासा.

छपाईच्या टेबलावरची कारणं

सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट शाईची छपाई लॅमिनेट करण्याआधी किमान २४ तास, गडद आणि जास्त शाईची असेल तर ४८ तास सुकवा. रोल घट्ट गुंडाळलेला ठेवला तर तो काळ मोजायचाच नाही. सैल करून उभा ठेवा, पंख्याची हवा आतून जाऊ द्या. अडकलेलं सॉल्व्हंट गोंद मऊ करतं, फिल्म फुगवतं आणि कडा वळतात. लेटेक्स आणि यूव्ही शाईला हा प्रश्न नाही, पण यूव्हीचा थर ताणला की तडकतो; खाचांच्या बसला वापरण्याआधी तुकडा ताणून पाहा. सगळ्या रंगांचे थर मिळून (एक शाई पूर्ण भरली की १०० टक्के, असं मोजून) २७० टक्क्यांच्या वर नेऊ नका. काळा रंग चार शायांनी भरून काढलेला असेल तर हमखास तिथेच आधी सुटतं.

लावल्यानंतर, आणि सुटलेल्या जागेची दुरुस्ती

पत्रा आणि हवा दोन्ही १६ ते ३२ अंशांत असताना काम करा. हवेचं नव्हे, पत्र्याचं तापमान मोजा. उन्हात उभी असलेली गाडी आत घेतल्यावर तासाभरानेही गरम असू शकते. हा गोंद दाबाने चिकटतो आणि पूर्ण पकड यायला एक-दोन दिवस लागतात. तोवर धुणं नाही, जोरदार पाऊस नाही. रात्री काम आणि पहाटे गाडी धुण्याच्या रांगेत, या वेळापत्रकात कोणतंही व्हिनाइल टिकणार नाही.

प्रेशर पंपाने धुताना दाब ८० बारच्या खाली, नोझल ४० अंशांच्या रुंद फवाऱ्याचं, अंतर किमान ३० सेंमी, पाणी ६० अंशांपेक्षा गरम नाही. फवारा पृष्ठभागाला काटकोनात. कडेखाली तिरका मारला तर तो पाचरीचं काम करतो. फिरत्या ब्रशांपेक्षा हाताने धुणं बरं.

धूळ शिरलेली कड दाबून, सुपरग्लू टाकून किंवा वरून पारदर्शक टेप लावून बसवू नका. सुपरग्लू कडक होतो, फिल्म तडकते आणि काढताना रंग येतो. सुटलेल्या भागाच्या पुढे चांगली चिकटलेली फिल्म सुरू होते तिथपर्यंत गोल कोपऱ्यांनी कापून काढा, पण पत्र्यावर कटर न दाबता. फिल्म लावतानाच तिच्याखाली कापटेप (आतला दोरा ओढला की फिल्म कापणारी टेप) टाकता आली तर उत्तम. रंगाला पडलेला काप पुढे गंज धरतो आणि पुढच्या जाहिरातीखाली फुगतो. उघडी जागा वरच्या क्रमाने धुवा, मूळ फिल्मच्या कडेवर १२ मिमी येईल असा ठिगळाचा तुकडा लावा, ताणलेला असेल तर शेवटची उष्णता द्या. यासाठी छापतानाच खाचा, कमानी आणि दारांचे भाग जादा काढून ठेवा. नंतर छापलेल्या तुकड्याचा रंग क्वचितच जुळतो.

जाहिरात उतरवताना फिल्म ६० ते ७० अंशांवर गरम करून सावकाश ओढा. झटका दिला की गोंद मागे राहतो. गोंद जिथे राहिला त्या जागा मार्करने तिथेच घेरून गाडीच्या आराखड्यावर टिपून ठेवा, आणि नवा रॅप चढवण्याआधी पाण्याची चाचणी त्या जागांवर आधी करा.